काटक माणसाला शुगर होत नाही?

कर्जत–खालापूर भागात एक मत इतके रुळले आहे की त्यावर वाद घालण्याची गरजच कोणाला वाटत नाही. मधुमेह, लोकांच्या तोंडची ‘शुगर’, हा बसून खाणाऱ्यांचा आजार आहे. शनिवारी मुंबईहून फार्महाउसवर येणाऱ्यांना तो व्हावा. खांडस-कशेळ्याकडच्या वाडीवरच्या ठाकराला, वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकऱ्याला, गुडघाभर चिखलात भाताची लावणी करणाऱ्या बाईला तो कसा होईल? त्यांच्या अंगावर चिमटीत धरायला चरबी नाही. हे मत केवळ पारावरचे असते तर सोडून देता आले असते. पण ते शिकलेल्यांचे आहे, तळमळीने काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचे आहे, आणि दवाखान्याच्या बाकावरही ते ऐकू येते. त्याला एक पंडिती पुरवणीही जोडली जाते: अंगावर चरबीच न साठण्याचे जे दुर्मीळ विकार आहेत, ज्यांना लायपोडिस्ट्रॉफी म्हणतात, त्यांच्या जनुकांचा आणि रेणूंचा शोध ही श्रीमंत देशांची हौस आहे, आदिवासी तालुक्यांना तिचा उपयोग शून्य.

ही दोन्ही विधाने चूक आहेत, असे माझे म्हणणे आहे. आणि पहिले का चूक, हे ज्या संशोधनाने दाखवले तेच संशोधन दुसरे विधान निरुपयोगी ठरवू पाहते. निवाडा वाचकांनी करायचा आहे.

प्रतिपक्षावर अन्याय नको. त्याची बाजू दुबळी नाही. हे दोन्ही तालुके कुपोषणाच्या बातम्यांत वर्षानुवर्षे येत आले आहेत. कातकरी हा अति-असुरक्षित म्हणून सरकारदरबारी नोंदलेला समाज. दिवाळी झाली की कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर जाते, पावसाच्या तोंडावर परतते. मधल्या महिन्यांत अंगणवाडीचा आहार, लस, शाळा, सगळेच तुटते. अशा ठिकाणी चरबीच्या जीवशास्त्राचा विषय काढणेच कुणाला क्रूर वाटले, तर तो राग समजण्याजोगा आहे. शिवाय हिशेब पाहा. जन्मजात आणि सर्वांगावरची लायपोडिस्ट्रॉफी अंदाजे कोटीत एखाद्याला होते. २०११ च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या चार लाखांच्या आसपास होती. म्हणजे येथे एकही रुग्ण निघू नये. पैसा मोजका, डॉक्टर मोजके, आधी भुकेचे पाहा. हा सल्ला वरवर तरी शहाणपणाचाच दिसतो.

पण या साऱ्या युक्तिवादाचा भार एका गृहीतकावर आहे. चरबी वाढली की साखर वाढते. म्हणून चरबी नसणे हे कवच आहे. हे गृहीतक टिकले तर प्रतिपक्ष जिंकला. ते पडले तर बाकीचे आपोआप पडते.

ते पडायला १९४६ सालीच सुरुवात झाली. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधले रॉबर्ट लॉरेन्स हे मधुमेहाचे नामांकित डॉक्टर, आणि स्वतः इन्सुलिनवर जगणारे रुग्णही. त्यांनी त्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये एका तरुण स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिच्या कातडीखाली चरबीचा मागमूस नव्हता. प्रचलित समजुतीनुसार ती मधुमेहापासून जगात सर्वांत सुरक्षित असायला हवी होती. प्रत्यक्षात तिला तीव्र मधुमेह होता, यकृत वाढलेले होते, रक्तातला द्राव स्निग्धाने भरलेला होता, आणि इन्सुलिनचा तिच्यावर परिणाम होत नव्हता. एखादी हकीकत म्हणजे सिद्धान्त नव्हे, हे मान्य. म्हणून पुढचे पाहू. १९५४ मध्ये ब्राझीलमध्ये बेरार्दिनेल्ली यांनी आणि १९५९ मध्ये नॉर्वेत सायप यांनी अशाच बालकांची वर्णने केली. देश वेगळे, वंश वेगळा, अन्न वेगळे. चित्र तेच.

आता प्रश्न सरळ विचारतो. चरबी हेच जर मधुमेहाचे मूळ, तर ज्याच्या अंगावर चरबी नाही त्यालाच सर्वांत वाईट मधुमेह का व्हावा?

उत्तर भातशेती करणाऱ्याला अवघड जाऊ नये. झोडणी झाली आणि घरात कणगीच नसली, तर दाणा नाहीसा होत नाही. तो ओटीवर, माजघरात, वाटेत पसरतो आणि तिथे नासतो. शरीरातली त्वचेखालची चरबी ही ती कणगी आहे. जेवणानंतर रक्तात आलेले स्निग्ध तिथे सुखरूप ठेवले जाते. जागा नसली की ते यकृतात, स्नायूत, स्वादुपिंडात शिरते. तिथे त्याचे जे अर्धवट घटक साचतात ते इन्सुलिनचा संदेश पेशीच्या आत पोचू देत नाहीत. संदेश पोचला नाही की साखर रक्तातच राहते. तेव्हा खरा प्रश्न चरबी किती आहे हा नाही. ती ठेवायला जागा आहे का, हा आहे.

हा केवळ तर्क असता तर मी तो एवढ्या ठामपणे मांडला नसता. तर्काची परीक्षा प्रयोगात होते, आणि इथे प्रयोग विलक्षण स्वच्छ आहेत. १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत पांढरी चरबी जवळजवळ नसलेला उंदीर तयार झाला. त्याला मधुमेह झाला, यकृत चरबीने भरले. २००० साली त्याच जातीच्या उंदरांच्या कातडीखाली निरोगी उंदरांची चरबी बसवली गेली. साखर उतरली, इन्सुलिनचा परिणाम परतला. चरबी वाढवून मधुमेह बरा केला गेला! प्रतिपक्षाने या एका प्रयोगाचे स्पष्टीकरण द्यावे. बाकीचा वाद मी मागे घ्यायला तयार आहे.

उलट बाजूचाही प्रयोग आहे. २००७ मध्ये टेक्ससमधल्या फिलिप शेरर यांच्या प्रयोगशाळेने मुळातच लठ्ठ असलेल्या उंदरांत ॲडिपोनेक्टिन हे चरबीतूनच स्रवणारे प्रथिन वाढवले. ते उंदीर आणखी फुगले, अचाट लठ्ठ झाले. आणि त्यांची साखर सुधारली. चरबी यकृतात जायच्या ऐवजी कातडीखाली गेली, एवढाच फरक.

चरबी ही निर्जीव साठवण नव्हे, हे एव्हाना स्पष्ट झाले होते. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन हे चरबीचे संप्रेरक शोधले तेव्हाच चरबी अवयवांच्या पंक्तीत येऊन बसली. ज्याला चरबी नाही त्याला लेप्टिन नाही. मेंदूला वाटते शरीर उपाशी आहे, आणि भूक थांबत नाही. २००२ मध्ये लायपोडिस्ट्रॉफीच्या नऊ स्त्री रुग्णांना चार महिने लेप्टिन दिले गेले. रक्तातले ट्रायग्लिसराइड हे स्निग्ध ६० टक्क्यांनी उतरले, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीए१सी जवळपास दोन अंकांनी खाली आला. पूर्वी प्रचंड प्रमाणात दिलेल्या इन्सुलिननेही जे साधले नव्हते ते चरबीच्या एका संप्रेरकाने साधले. २०१४ मध्ये हे औषध अमेरिकेत मान्य झाले. ते इतके महाग आहे की कर्जतच्या संदर्भात त्याचे नाव घेणेही थट्टा वाटेल. मी ते औषध म्हणून सांगत नाही, पुरावा म्हणून सांगतो.

आता रेणूंकडे येऊ, कारण हौस-हौस म्हणून हिणवले जाते ते हेच काम. मला ते अतिशय सुंदर वाटते, आणि ते पक्षपातीपणाचे वाटत असेल तर वाटो. २००१ मध्ये सेपिन या प्रथिनाचे जनुक सापडले: पेशीच्या आत तेलाचा पहिला थेंब जिथे आकार घेतो तिथे हे प्रथिन बसलेले असते. २००२ मध्ये मूळचे भारतीय असलेले अभिमन्यू गर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरे जनुक दाखवले. ते ट्रायग्लिसराइड बनवण्याच्या साखळीतली एक कडी सांभाळते. २०११ मध्ये पेरिलिपिनची पाळी आली: थेंबाभोवतीचे आवरण, जे नसले की साठवलेले स्निग्ध गळत राहते. थेंब तयार होण्याची जागा, थेंबातला माल, थेंबाचे आवरण. यांतले काहीही बिघडले तरी शेवट एकच: अंगावरची चरबी जाते, यकृत भरते, मधुमेह येतो.

आणि सर्वांत चकित करणारा दोष तर थेंबाजवळही नाही. ग्लासगोच्या डनिगन यांनी १९७४ मध्ये काही कुटुंबे वर्णिली, ज्यांतल्या मुली वयात येईपर्यंत अगदी सर्वसाधारण असत. मग हातापायांवरची चरबी विरघळू लागे. चेहरा आणि मान भरत जात. बाहेरून पाहणाऱ्याला ही बाई पिळदार, कष्टाळू दिसावी. २००० साली कळले की दोष लॅमिन या प्रथिनात आहे, जे पेशीच्या केंद्रकाला आतून आधार देते. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असणाऱ्या या प्रथिनातला बारीकसा बदल हातापायांवरची चरबी तेवढी का नेतो, यावर अजून काम चालू आहे. मला इथे एक साधी गोष्ट दाखवायची आहे. चार वेगळ्या ठिकाणचे चार वेगळे बिघाड जेव्हा एकाच आजारात येऊन मिळतात, तेव्हा त्या मिळण्याच्या जागेला योगायोग म्हणता येत नाही. तीच कारणाची जागा असते.

यावर प्रतिपक्ष म्हणेल: असेल, पण ते त्या विरळा कुटुंबांपुरते. कर्जतच्या बाईच्या लॅमिनमध्ये दोष नाही.

नसेलही. पण दुर्मीळ आजारातून सामान्य आजाराचे कुलूप उघडते, हा वैद्यकाचा जुना अनुभव आहे. लाखो मुलांत एखाद्यालाच होणाऱ्या जन्मजात कोलेस्टेरॉलच्या विकारावर गोल्डस्टाइन आणि ब्राउन यांनी काम केले, १९८५ चे नोबेल मिळवले, आणि कोलेस्टेरॉल रक्तातून कसे उचलले जाते हे जगाला समजले. आज स्टॅटिनची स्वस्त गोळी तालुक्याच्या औषधाच्या दुकानात मिळते, ती कशी काम करते हे त्या शोधामुळे कळते. याच जोडीच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये चरबीविहीन उंदरांना लेप्टिन देऊन त्यांचा मधुमेह उतरवला होता. २०१७ मध्ये तर प्रत्यक्ष दुवाच सापडला. लाखो सामान्य माणसांच्या जनुकांची छाननी करून केंब्रिजच्या संशोधकांनी इन्सुलिनरोधाशी, म्हणजे इन्सुलिनचा परिणाम न होण्याशी, जोडलेल्या ५३ जागा शोधल्या, आणि ज्यांच्यात त्या जागी जोखमीचे बदल जास्त, त्यांच्या पायांवरची चरबी कमी निघाली. म्हणजे लायपोडिस्ट्रॉफी हा माणूस-नसलेल्या बेटावरचा आजार नाही. तिची सौम्य रूपे सामान्य माणसांत पसरलेली आहेत.

औषधांच्या बाजूनेही हेच दिसते. पायोग्लिटाझोन ही गोळी ज्या पीपीएआर-गॅमा या ग्राहकप्रथिनावर काम करते, त्यातला दोष १९९९ मध्ये तीव्र इन्सुलिनरोधाच्या रुग्णांत सापडला. पुढे त्यांचे हात-पायही चरबीशून्य असल्याचे लक्षात आले. ही गोळी नव्या चरबीपेशी घडवते. वजन थोडे वाढते, साखर उतरते. वजन वाढून साखर उतरते! तिचे दुष्परिणाम आहेत, २०१३ च्या जून महिन्यात भारतात तिच्यावर बंदी आली आणि जुलैत इशाऱ्यासह ती उठली, हे सगळे खरे. पण ‘चरबी हीच शत्रू’ म्हणणाऱ्याला या गोळीचा परिणाम समजावून सांगता येत नाही.

आता पुण्याकडे वळू, कारण खरा पुरावा तिथे आहे. कर्जत स्टेशन परळचे केईएम आणि रास्ता पेठेतले केईएम यांच्या मधल्या रुळांवर आहे, आणि तरी पुण्याच्या केईएममधले काम घाट उतरून येथे पोचलेले दिसत नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. या कोण होत्या? शेतावर राबणाऱ्या बाया, सरासरी उंची पाच फूट, वजन ४२ किलोच्या आसपास. प्रतिपक्षाच्या व्याख्येप्रमाणे काटक. त्यांची पूर्ण दिवसांची बाळे सरासरी २.७ किलोची निघाली, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण बारकाईने मोजल्यावर दिसले की कमतरता सगळीकडे सारखी नव्हती. स्नायू, पोटातले अवयव कमी. पाठीवरची चरबी मात्र जवळपास राखलेली. २००९ मध्ये पुण्याची आणि लंडनची नवजात बाळे एमआरआय यंत्रात तपासली गेली. पुण्याची बाळे वजनाने हलकी, तरी पोटाच्या भागातली चरबी जास्त आणि पोटाबाहेरची, त्वचेखालची चरबी कमी. ही रचना ओळखीची वाटते का? ग्लासगोच्या बायांची आठवण व्हावी इतकी ती ओळखीची आहे.

याज्ञिकांनी २००४ मध्ये आपले आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचे छायाचित्रही ‘लॅन्सेट’मध्ये छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, नेमका २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दोघेही कोणाच्याही नजरेला बारीकच दिसतात.

पण हे सगळे पोषाखी वाटत असेल तर शेवटचा आकडा घ्या. त्या सहा खेड्यांतली बाळे मोठी झाली, अठरा वर्षांची झाली, आणि त्यांची साखर तपासली गेली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांतल्या ३७ टक्क्यांची आणि मुलींतल्या १८ टक्क्यांची साखर सामान्य मर्यादेबाहेर होती. त्या तरुणांपैकी ४८ टक्के जण वजनाने कमी होते, बीएमआय १८.५ च्याही खाली. अठराव्या वर्षी, खेड्यात, अंगावर मांस नसताना. ‘काटक माणसाला शुगर होत नाही’ हे वाक्य यापुढे कोणी कशाच्या आधारावर उच्चारायचे?

कष्टांचे काय, असा प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. कष्ट करणारा स्नायू साखर ओढून घेतो. त्यामुळे लावणीच्या दिवसांत अनेकांची साखर आवाक्यात राहत असेल. पण कष्टांचा हा लाभ साठवता येत नाही, काम थांबल्यावर काही दिवसांत तो ओसरतो. आणि कर्जत-खालापुरात काम थांबते आहे. जमीन विकली गेली, भाताच्या खाचरावर बंगला उभा राहिला, आणि खाचराचा मालक त्याच बंगल्याच्या फाटकावर खुर्ची टाकून बसला. वरी-नाचणीच्या जागी रेशनचा तांदूळ, आणि वाडीवरच्या टपरीतही पाच रुपयांची पाकिटे. आईच्या पोटात असताना कमी अन्नाची सवय लागलेल्या शरीराला पुढे जास्त अन्न मिळाले तर काय होते, हे हेल्स आणि बार्कर यांनी १९९२ मध्येच मांडले होते. वाडीवरून फाटकावर येणे म्हणजे नेमके तेच संक्रमण. ते वीस-तीस वर्षांत, एका पिढीत झाले आहे.

आता प्रतिपक्षाच्या भात्यातला सर्वांत धारदार बाण. तो मी स्वतःच काढून देतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहानपणी कुपोषित राहिलेले बारीक मधुमेही तपासले गेले. त्यांच्यात इन्सुलिनरोध फारसा नव्हता, यकृतात चरबी कमी होती. बिघाड मुख्यतः इन्सुलिन बनवण्यातच होता. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने या प्रकाराला ‘टाइप ५’ असे स्वतंत्र नाव दिले. पुण्याच्या त्या अठरा वर्षांच्या मुलांतही स्वादुपिंडाची ताकद अपुरी पडत होती. तेव्हा चरबीला जागा नसल्याची कथा सगळ्या बारीक मधुमेह्यांना लागू होते, असे मी म्हणालो तर ते खोटे ठरेल. मी तसे म्हणत नाही.

पण हा बाण कोणाला लागतो ते पाहा. वेल्लोरचा निष्कर्ष ‘बारकांना मधुमेह होत नाही’ असे सांगत नाही. होतो, आणि वेगळ्या कारणाने होतो, असे सांगतो. म्हणजे वाडीवरच्या दोन सारख्याच दिसणाऱ्या बारीक माणसांपैकी एकाच्या यकृतात चरबी भरलेली असू शकते आणि दुसऱ्याचे स्वादुपिंड थकलेले. पहिल्याला कदाचित चार-पाच किलो वजन उतरवून लाभ होईल: न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी सामान्य वजनाच्या २० मधुमेह्यांचे वजन थोडेसे उतरवले तेव्हा १४ जणांची साखर औषधाशिवाय आवाक्यात आली. दुसऱ्याला वजन उतरव म्हणणे हे संकट आहे. त्याला अन्न आणि थोडे इन्सुलिन हवे. उपचार एकमेकांच्या उलट आहेत. अंगाकडे पाहून कोणता कोण हे कळत नाही. कळते ते रेणूंच्या तपासणीने, ज्या तपासणीला हौस म्हटले जाते. वेल्लोरने माझा मुद्दा खोडला नाही. त्याची निकड वाढवली.

हौसेच्या आरोपाला आणखी एक उत्तर खालापूर तालुक्याच्याच हद्दीत आहे. पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत सिप्लाचा कारखाना आहे. याच कंपनीने २००१ मध्ये एचआयव्हीच्या तीन औषधांचे मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला देऊ केले आणि जगभरच्या गरिबांना जगण्याची वाट मोकळी झाली. त्या तिघांत स्टॅव्हुडिन होते. एप्रिल २००४ पासून भारताच्या सरकारी केंद्रांत मोफत उपचार सुरू झाले तेव्हाही ते होते. त्याने प्राण वाचवले, यात शंका नाही. पण चरबीपेशींतल्या मायटोकाँड्रियाला ते बाधत असे. काही वर्षांत गाल आत जात, हात-पाय काडीसारखे होत, शिरा वर येत. गावात ओळखू येई की हा ‘तो’ रुग्ण. हीदेखील लायपोडिस्ट्रॉफीच, औषधाने आणलेली. ती जन्मजात प्रकारांपेक्षा कितीतरी जास्त लोकांना झाली, आणि त्यांतले बहुसंख्य गरीब होते. रेणूंच्या पातळीवर तिचे कारण समजले म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्हुडिन मागे घ्यायला सांगितले आणि दुसरी औषधे आली. महामार्गालगतच्या गावांत ज्यांनी हे चेहरे पाहिले आहेत त्यांना या संशोधनाला श्रीमंतांची हौस म्हणवेल का?

भुकेचा प्रश्न आधी, मधुमेह नंतर, हा क्रमही तपासू. हे दोन प्रश्न वेगळे असते तर क्रम लावता आला असता. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ‘सरस’ या प्रकल्पात बायांना गर्भ राहण्यापूर्वीपासून पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला गेला. ज्यांना तो मिळाला त्यांच्यात गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के होता. ज्यांना साधा खाऊ मिळाला त्यांच्यात १२.४ टक्के. अन्न दिले, मधुमेह घटला. पुण्यात तर बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी चरबी आणि इन्सुलिनरोध जास्त आढळला. म्हणजे गरोदर बाईला नुसती लोह-फोलेटची गोळी देऊन भागत नाही, ताटात काय पडते तेही पाहावे लागते. चरबीचे जीवशास्त्र पोषणाच्या मागणीच्या आड येते, ही भीती निराधार आहे. अंगणवाडीच्या अंड्यासाठी आणि दुधासाठी भांडणाऱ्या कार्यकर्त्याला त्याहून भक्कम शास्त्रीय आधार कोणता मिळणार?

चुकीच्या मताचे नुकसान कागदावरही दिसते. आशाताई घरोघर भरतात त्या, आजाराच्या जोखमीला गुण देणाऱ्या सीबॅक फॉर्ममध्ये पोटाचा घेर विचारला जातो. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असेल तर शून्य गुण. कष्ट करते, शून्य गुण. घरात कोणाला शुगर आहे का, तर कोणाची तपासलीच नाही, म्हणून शून्य गुण. वयाचा एखादा, मिसरीचे दोन. चारच्या वर गुण गेले तर तपासणीत प्राधान्य. ही बाई कायम रांगेच्या शेवटी. तीस वर्षांवरच्या सर्वांची तपासणी करायची असा नियम आहे, हे खरे. पण वेळ कमी असला की प्राधान्यच नियम बनते. मानेवरची काळपट, जाडसर, मखमलीसारखी कातडी ही इन्सुलिनरोधाची खूण असते; ती मळ समजून घासायला सांगितली जाते. एचबीए१सीवर विसंबावे तर रक्तक्षय आणि सिकलसेल असलेल्यांत तो आकडा फसवू शकतो. तिथे उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पाजल्यानंतरची साखरच पाहावी लागते.

आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगितले. हे सगळे पोट सुटलेले आहेत असे मानणाऱ्याने पुराव्यानिशी तसे दाखवावे. पुण्याची खेडी आणि वेल्लोरचे वॉर्ड वेगळेच सांगत आहेत.

निवाडा वाचकांकडे सोपवून माझी मागणी एवढीच. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयाने, कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयाने आणि खालापूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी वाड्यांवरच्या तीस वर्षांपुढच्या प्रत्येक माणसाची साखर तपासावी, घेर किंवा वजन पाहून कोणालाही सोडू नये, आणि ज्यांची वाढलेली निघेल त्या बारीक रुग्णांना पुणे-मुंबईच्या केईएमसारख्या ठिकाणी पुढच्या तपासणीला पाठवावे. हे काम दिवाळीच्या आत व्हायला हवे. त्यानंतर कातकरी भट्टीवर गेलेला असतो.